कुमुदचा आळशी तुकडा

कुमुद, तुझी माती अजून तुमच्या गॅलरीतच वाळत पडली आहे. जुन्या वर्तमानपत्रांवर तिचे छोटे छोटे ढीग, प्रत्येक ढिगाजवळ एक चिठ्ठी, आणि चिठ्ठी उडू नये म्हणून तिच्यावर ठेवलेला कपड्यांचा चिमटा. अक्षर तुझं नेहमीचंच, तुझ्याशिवाय फक्त मला वाचता येणारं. "आ वर", "आ खाली", "मा वर", "मा खाली". आ म्हणजे तुझा आळशी तुकडा आणि मा म्हणजे मी, माधव. तू गेल्यावर भेटायला आलेली माणसं हॉलमध्ये मावेनात म्हणून काही जण गॅलरीत जायला लागले, तर अमोलने त्यांना हाताला धरून आत आणलं. "तिकडे नको, आईचे नमुने आहेत," म्हणाला. तुझा मुलगा आता ऑफिसात मोठा साहेब आहे, पण तुझ्या वर्तमानपत्रांवर पाय द्यायची त्याची अजून छाती होत नाही.

तुझ्याशी बोलायचं राहून गेलं असं मी म्हणणार नाही. आपण इतकं बोललोय की डोंगर उतरेपर्यंत माझा घसा बसायचा. राहिलंय ते भांडण. ते अर्ध्यावर टाकून तू झोपेतच निघून गेलीस, आणि तुझा स्वभाव माहीत असल्यामुळे मला अजून वाटतं की तू मुद्दाम केलंस.

तुला विद्युतदाहिनीत नेलं तेव्हा मी दाराशी उभा होतो. सगळे हात जोडून उभे, तुमच्यातले कोणी काका त्रिसरण म्हणत होते, आणि मला आठवत होती तुझी भट्टी. तू नोकरीला होतीस तो रंगाचा कारखाना बंद पडला तेव्हा तिथल्या लॅबमधली जुनी भट्टी तू उचलून आणलीस. घरात लावली तर बिल्डिंगचा फ्यूज जायचा म्हणून ती माझ्या गाळ्यात, लेथच्या शेजारी येऊन बसली. तिथे तू मला पहिला धडा दिलास. वाळलेली माती क्रुसिबलमध्ये, म्हणजे आच सोसणाऱ्या छोट्या वाटीत, घालायची, वजन करायचं, भट्टीत तापवायचं, गार झाल्यावर पुन्हा वजन करायचं. "जेवढं कमी झालं ना, तेवढं कधीतरी जिवंत होतं," तू म्हणालीस. "पानं, मुळं, बुरशी, किडेमुंग्या. कार्बन सगळा त्यात. तो गेला हवेत. उरला तो नुसता दगड." मी विचारलं होतं, मग जाळायचं कशाला, तर म्हणालीस की जाळल्याशिवाय किती होतं ते कळत नाही. दाहिनीचं दार बंद झालं आणि मला हे वाक्य आठवलं. तुझ्यावर फार राग आला. अशा वेळी माणसाला साधं रडू द्यावं की नाही.

आपली ओळख झाली ती डोंगरावर, मुलुंड कॉलनीच्या मागे. आमची रविवारची मंडळी तेव्हा जोरात होती. वनखात्याने एक उतार झाडं लावायला दिला होता आणि आम्ही तो असा काही सजवला होता की बघत राहावं. गवत साफ कापलेलं, करवंदाच्या जाळ्या उपटलेल्या, रांगेत खड्डे, प्रत्येक खड्ड्याशेजारी मातीचा ढीग. तू नवऱ्याबरोबर, प्रकाशरावांबरोबर, पहिल्यांदाच आली होतीस, पांढरी टोपी घालून. मी मोठ्या अभिमानाने तुला सगळं दाखवत होतो. तू खाली वाकलीस, ढिगातली मूठभर माती उचललीस आणि तिचा वास घेतलास.

"अहो माधवराव, ही वरची काळी माती बनायला किती वर्षं लागली असतील?"

"असतील बरीच."

"आणि तुम्ही ती उलटी करून उन्हात टाकलीत."

"मग रोपं काय हवेत लावू?"

"लावू नका ना."

मला वाटलं बाई चेष्टा करतात. मी झाडांचे फायदे सांगायला लागलो. सावली, पाणी, पक्षी, हवा. माझं हे भाषण आमच्या मंडळींना तोंडपाठ होतं. तू मध्येच म्हणालीस, "तू आधी गप्प बस आणि इकडे बघ." कापलेल्या गवतात एक बुंधा होता, मांडीएवढ्या उंचीवर तोडलेला, आणि त्याच्या बुडाशी पाच-सहा कोवळे फुटवे. ऐनाचा होता तो. "हा मेलेला नाहीये," तू म्हणालीस. "दर वर्षी ह्याला कोणीतरी तोडतं नाहीतर वणव्यात जळतो, आणि दर वर्षी पुन्हा फुटतो. खाली ह्याची मुळं जिवंत आहेत, आजोबांच्या वयाची. तू त्याच मुळांत पहार घालून नर्सरीतलं रोप लावतोयस." आपल्यातलं 'तू' तिथून सुरू झालं. प्रकाशराव मागे उभे राहून करवंदं खात होते, त्यांनी ते ऐकलं आणि मला म्हणाले, "घ्या, तुमचाही नंबर लागला."

तुझं म्हणणं मला तेव्हा कळायला जड गेलं, कारण ते डोळ्यांना दिसत नव्हतं. झाड उभं दिसतं, त्याला मिठी मारता येते, त्याच्याबरोबर फोटो निघतो. तू म्हणायचीस की डोंगराची खरी पुंजी पायाखाली आहे. पान पडतं, कुजतं, बुरशी आणि किडे ते खातात, थोडं मातीच्या कणांना चिकटून राहतं, आणि असं होत होत त्या वीतभर काळ्या थरात इतका कार्बन साठतो की वरच्या कोवळ्या झाडांत तेवढा नसतो. खणलं की तो थर उघडा पडतो. ऊन आणि हवा लागली की मातीतले जीव ते साठवलेलं भराभर खाऊन श्वासातून सोडून देतात, आणि उतारावर उरलंसुरलं पावसात वाहून खाली नाल्यात. "तू झाड लावतोस म्हणजे आधी उधळतोस आणि मग वीस वर्षं भरपाई करत बसतोस," असं तू माझ्या तोंडावर म्हणाली होतीस, तेही सगळ्यांसमोर, चहा पिताना. मी तो चहा अर्धा टाकून उठलो होतो.

आणि मग आपली पैज लागली. एकाच उताराचे दोन तुकडे, मध्ये फक्त पायवाट. एकात मी माझ्या पद्धतीने खड्डे, रोपं, खत, पाणी. दुसऱ्यात तू काहीच करायचं नाही. कुऱ्हाड नको, वणवा नको, गुरं नकोत, झाडलोट नको, बस्स. रविवारी आम्ही सगळे घामाने निथळत असायचो आणि तू तुझ्या तुकड्याच्या कडेला दगडावर बसून संत्रं सोलत असायचीस. मंडळींनी त्याचं नाव पाडलं, कुमुदचा आळशी तुकडा. तुला ते नाव इतकं आवडलं की नमुन्यांच्या चिठ्ठ्यांवरही तू तेच वापरायला लागलीस. पण आळशी म्हणणाऱ्यांना माहीत नव्हतं की होळीच्या आधी पंधरा दिवस तू रोज सकाळी वर जाऊन दोन्ही तुकड्यांभोवती वणवा अडवायला पट्टा साफ करायचीस, माझ्यासुद्धा. एकदा बिबट्याची ताजी विष्ठा दिसली म्हणून वनखात्याच्या गार्डने तुला खाली जायला सांगितलं, तर त्यालाच म्हणालीस की त्याला त्याचं काम करू दे, मला माझं.

माती काढायचा नळा मी बनवला. जीआय पाइपला खाली धार लावली, वर दांडा जोडला, आत खुणा केल्या. ठोकायचो मी आणि बाहेर आलेली माती थरांनी वेगळी करायचीस तू. पहिल्या वर्षी तू ती गॅलरीत वाळत घातलीस आणि प्रकाशरावांनी, बिचाऱ्यांनी, चांगली काळी माती आयती मिळाली म्हणून सगळी कुंड्यांत भरली. जास्वंदीच्या कुंडीत आळशी वर, तुळशीत माधव खाली. तू दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाहीस, आणि मग मला फोन करून म्हणालीस, "यार, पुन्हा जावं लागेल, आमच्याकडे वाट लागलीय." त्या वर्षी तुमची जास्वंद मात्र झकास फुलली होती. प्रकाशराव ते अजून सांगतात.

तो टी-शर्टवाल्यांचा रविवार तू शेवटपर्यंत विसरली नाहीस. कुठल्यातरी ऑफिसातली ती तरुण मंडळी, सगळ्यांच्या छातीवर हिरवं झाड छापलेलं, श्रमदानाला आली होती. मला उशीर झाला होता. मी पोचेपर्यंत त्यांनी तुझा अख्खा तुकडा खराट्याने झाडून लख्ख केला होता. एक पान शिल्लक नाही. काळ्या पिशव्या भरून गाठी मारून रांगेत उभ्या, आणि त्यांच्यासमोर फोटो चाललेले. तू मागून चढत आलीस, बघितलंस आणि तुझ्या दगडावर जाऊन बसलीस. मला वाटलं आता हिचा स्फोट होणार. एक मुलगी उत्साहाने तुझ्याकडे आली.

"मॅम, इथे खूप कचरा होता. आम्ही सगळा क्लीन केला."

"बाळा, तो कचरा नव्हता गं. जेवण होतं ते."

"कोणाचं?"

"तुझ्या बुटांखाली आहेत त्यांचं."

मग तू उठलीस आणि पहिल्या पिशवीची गाठ सोडलीस. त्या सगळ्यांना तू पानं परत पसरायला लावलीस, वाकून, हाताने, जिथे जाड होती तिथे जाड आणि पातळ होती तिथे पातळ. मध्ये मध्ये थांबून त्यांना गोम दाखवत होतीस, बुरशीचे पांढरे धागे दाखवत होतीस. दुपारपर्यंत त्यांचे टी-शर्ट ओळखू येईनात. नंतर डब्यातला चिवडा काढून सगळ्यांना वाटलास. खाली उतरताना मला म्हणालीस, "आपल्या लोकांना जंगल हॉलसारखं लागतं. पाहुणे येणार असल्यासारखं." तेव्हा मी हसलो. पण आपला हॉल आपण झाडणारच ना कुमुद. ज्याच्यावर जीव आहे त्याला माणूस हात लावतोच, ते मला तुला तेव्हाच सांगायचं होतं.

आणि तुला ते कळत नव्हतं असंही नाही. आपल्यातले ते नाईक, त्यांचे वडील गेले तेव्हा त्यांनी अस्थी आणि राख सगळी एका खड्ड्यात ओतून वर आंब्याचं रोप लावलं होतं, माझ्या तुकड्यात. हल्ली पुष्कळ जण असं करतात. दर रविवारी ते त्या रोपाशी पाच मिनिटं एकटे उभे राहायचे. रोप मात्र पिवळं पडत गेलं. तू मला बाजूला घेऊन म्हणालीस, राखेत मुळांना लागतं ते काही फारसं उरलेलं नसतं आणि तिचा क्षार एकाच जागी इतका झाला की माती सोसत नाही, पातळ पसरली असती तर कुणाला कळलंही नसतं. मी म्हटलं, सांगू का त्यांना. तू माझा हात दाबलास. "अजिबात सांगायचं नाही." पुढच्या शनिवारी तू मला त्याच उंचीचं, त्याच जातीचं रोप आणायला लावलंस. आपण दोघांनी खड्डा उकरून राख काढली, बाजूला लांबवर पसरली, नवी माती भरली आणि नवं रोप लावलं. तूच लावलंस. मी पाणी घातलं. रविवारी नाईक आले, बघून म्हणाले, "बघा, बाबांनी धरलं शेवटी." तू संत्रं सोलत होतीस. इतक्या वर्षांत तू स्वतःच्या हाताने लावलेलं तेवढं एकच झाड, आणि ते माझ्या तुकड्यात आहे. त्यावरून मी तुला किती छळायचो.

आता आपलं राहिलेलं भांडण. तुझ्या तुकड्याबद्दल मी हळूहळू नमत आलो होतो. डोळ्यांसमोर दिसत होतं. माझ्या रांगांतली अर्धी रोपं मेली, पुन्हा लावली, पुन्हा मेली. तुझ्याकडे ऐन, धामण, कुडा, कुंभा सगळे आपापल्या बुंध्यांतून उठले आणि आत शिरायला वाट राहिली नाही. पण माझं म्हणणं एवढंच होतं की तुझा आळस तिथेच चालतो जिथे खाली मुळं आहेत. डोंगराच्या त्या टोकाला ती बंद पडलेली दगडखाण आहे ना, तिथे काय? तिथे मुळं नाहीत, बुंधे नाहीत, माती नाही, नुसता मुरूम आणि उघडा पाषाण. तिथे लावावंच लागेल, भगदाडं फोडून, बाहेरची माती भरून. माझं हे म्हणणं तू दर वेळी उडवून लावायचीस. तिथेही येईल म्हणायचीस, आधी शेवाळ, मग गवत, मग कावळ्यांनी टाकलेलं काहीतरी, वेळ लागेल. मी विचारायचो किती वेळ. तू म्हणायचीस, "तू नको विचारूस, तुला परवडणार नाही तेवढा."

मागच्या महिन्यात आपण हे शेवटचे नमुने काढले. पांगारा फुलला होता, पानं वाजत होती पायाखाली, आणि तुला उतरताना दम लागत होता. तू दोनदा थांबलीस आणि दोन्ही वेळा पक्षी बघायचं निमित्त केलंस. मी म्हटलं, आज एकदा कबूल कर. खाणीत लावायला लागतं की नाही. तू म्हणालीस, "पुढच्या रविवारी खाणीत जाऊ. तिथे उभं राहून सांगते." तुझ्या आवाजात नेहमीचा खोचकपणा नव्हता. मला वाटतं तू हो म्हणणार होतीस. किंवा काहीतरी तिसरंच, जे मला सुचलं नव्हतं. पुढच्या रविवारी सकाळी बूट घालत होतो तेव्हा अमोलचा फोन आला.

तू गेल्यावरचा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी प्रकाशराव माझ्या गाळ्यात आले. ते कधी येत नाहीत, मशीनच्या आवाजाने त्यांचं डोकं दुखतं. हातात पिशवी होती, पिशवीत तुझा कलश. माझ्या स्टुलावर बसले.

"माधव, तिच्या तुकड्यात एक चांगली जागा बघून दे. खड्डा तूच खण. अस्थी तिथे घालू आणि वर बोधिवृक्ष लावू. अमोलचे मित्र म्हणतायत सगळा तुकडाच नीट साफ करून तिच्या नावाने मोठी लागवड करू."

मी भट्टीकडे बघत बसलो. ज्या तुकड्यात तू इतकी वर्षं कुणाला कुदळ घेऊन शिरू दिलं नाहीस, तिथेच तुझ्या नावाने कुदळी. आणि समोर बसलेला माणूस तुझा नवरा, ज्याने आयुष्यात कधी काही मागितलं नाही. म्हटलं, मला दोन दिवस द्या. ते गेल्यावर मी तुमच्याकडे जाऊन अमोलकडून नमुन्यांतली चमचाभर-चमचाभर माती घेऊन आलो. बाकीची माती तशीच ठेवली. तुला नमुना संपवलेला चालायचा नाही.

मग तू शिकवलंस तसं सगळं केलं. काही विसरू नये म्हणून तुझ्यासारखं मोठ्याने बोलत केलं. क्रुसिबल आधी कोरडी, मग वजन, मग भट्टी, मग गार होईपर्यंत हात न लावता वाट. गार होताना तू नेहमी माझं लक्ष नाही असं बघून झाकण उचलायचीस, ते मात्र मी केलं नाही. वजन दोनदा केलं. कुमुद, वरच्या थरात तुझ्या तुकड्याने माझ्यापेक्षा सरळसरळ जास्त गमावलं, म्हणजे त्यात जास्त होतं. माझ्या तुकड्याचा आकडा खणल्यानंतर पडला होता, तो आता वर येतोय, अजून तुला गाठलेलं नाही. खालच्या थरात दोघांत फरक दाखवावा असा नाही. तू म्हणाली असतीस, एका वेळच्या नमुन्यावर उड्या मारू नकोस. नाही मारत. पण जिंकलीस. मी ते गाळ्यात एकट्याने मोठ्याने म्हटलं. शेजारच्या गाळ्यातला माणूस डोकावून गेला.

संध्याकाळी प्रकाशरावांकडे गेलो. चहा झाला. मी सांगायला सुरुवात केली, जितकं हळू सांगता येईल तितकं. की तिथे खड्डा तिला आवडला नसता. की राख एकाच जागी घालायची नसते, पातळ पसरायची, पानांवर, म्हणजे जमीन ती सावकाश घेईल. की लागवड तर अजिबात नको, तो तुकडा जसा आहे तसाच ठेवणं हेच तिचं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मान डोलावली. पिंपळाबद्दल म्हणाले की तीच म्हणायची, पिंपळ माणसाने लावायचा नसतो, कावळे लावतात. थोडं हसले. मग गॅलरीतल्या मातीकडे बघत म्हणाले,

"सगळं खरं माधव. पण मग मी पाणी कुठे घालू?"

ह्याचं उत्तर तुलाही आलं नसतं. तुझा सगळा हिशोब बरोबर होता, मातीला आपली गरज नाही, आपण फक्त बाजूला व्हायचं असतं. पण हा माणूस रोज सकाळी तुझ्या आधी उठून तुला गरम पाणी द्यायचा. ते हात आता कुठे घेऊन जायचे त्याने? आळस करायला सुद्धा शेजारी कोणीतरी असावं लागतं. तेव्हा मला नाईकांचं आंब्याचं रोप आठवलं, आणि तू त्या शनिवारी गुडघ्यांवर बसून माती दाबत होतीस ते आठवलं. म्हटलं, आपण दोन्ही करू. राख तिच्या तुकड्यात. पिंपळ खाणीत.

"खाणीत? तिथे जगेल?"

"पाणी घातलं तर जगेल. रोज घालावं लागेल. आणि चढ आहे."

"चढतो ना मी," प्रकाशराव म्हणाले.

काल सकाळी आम्ही तिघे गेलो, प्रकाशराव, अमोल आणि मी. तुझ्या तुकड्यात अमोलने कलश उघडला आणि आम्ही तुला चिमटीचिमटीने पसरलं, ऐनाच्या पानांवर, जाड होती तिथे आणि पातळ होती तिथे. कोणी काही खणलं नाही. प्रकाशरावांनी तुझ्या दगडावर एक संत्रं ठेवलं, मग काय वाटलं कोण जाणे, परत उचलून सोललं आणि आम्हाला वाटलं. सालं तिथेच पानांत टाकली. तू कधी टाकू द्यायची नाहीस, माकडांना चटक लागते म्हणून. माझ्या ओठांवर आलं होतं, गिळलं.

मग खाणीत गेलो. पहार मीच घेतली. मुरूम इतका कडक की हाताला झिणझिण्या येत होत्या. अमोल खालून आणलेली मातीची पोती उघडत होता आणि प्रकाशराव पाण्याचा कॅन दोन्ही हातांनी धरून उभे होते, कधी ओतायचं त्याची वाट बघत. मी दर ठोक्याला तुझ्याशी बोलत होतो. बघ, इथे आहे का एक तरी मूळ. बघ, आहे का चिमूटभर काळी माती. आता सांग, लावावं लागतं की नाही. तू पुढच्या रविवारी इथेच उभी राहून सांगणार होतीस ना, तर मी आलोय, सांग.

रोप उभं राहिलं. प्रकाशरावांनी पाणी घातलं, सगळा कॅन, एकदम हळू. मी पहार टेकवून उभा राहिलो आणि खाणीच्या काठाकडे बघितलं, जिथे तू उभी राहिली असतीस, टोपी मागे सारून. इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्या बोलण्यावर तू काही म्हणाली नाहीस. भांडण मी जिंकलो, कुमुद. मला ते अजिबात आवडलं नाही.